मुखवट्याच्या आतून काय दिसतं? (भयपटवाल्यांच्या मुलाखती)

रातपाळी

गेली सात-आठ वर्षं भयपटांत काम केलेल्या माणसांच्या मुलाखती मिळतील तिथून वाचतोय, ऐकतोय. सुरुवात सिनेमांच्या वेडापायी झाली. आता सिनेमा एकदा बघतो आणि त्यावरच्या गप्पा तीनदा ऐकतो.

एक गोष्ट सारखी जाणवते, ती तुम्हालाही जाणवलीय का हे विचारायला धागा काढतोय. ही मंडळी भीतीबद्दल फार कमी बोलतात. भूत, मृत्यू, अंधार हे सगळं मुलाखत घेणाऱ्याच्या प्रश्नांत असतं. उत्तरांत असतो तो घाम, पायाला न बसणारे बूट, अंगावर वाळून कडक झालेलं खोटं रक्त, आणि सूर्य उगवायच्या आधीपासून मेकअपच्या खुर्चीत काढलेले तास.

माझं आवडतं उदाहरण डग जोन्सचं. 'पॅन्स लॅबिरिंथ' (२००६) मधला तो पांढुरका, लोंबत्या कातडीचा प्राणी आठवतो ना, ज्याचे डोळे तळहातांवर असतात? चेहऱ्यावर डोळ्यांच्या जागी नुसती सपाट कातडी. मग आतला माणूस बघायचा कुठून? तर नाकपुड्यांच्या भोकांतून. त्याच चित्रपटात तो फॉनही (अर्धा माणूस, अर्धा बोकड) झालाय. सिनेमा स्पॅनिश आणि जोन्सला स्पॅनिश येत नव्हती. त्याने आपले संवाद पाठ केलेच, पण समोरच्या लहान मुलीचेही केले, कारण आपली पाळी कधी आली हे कळायला हवं. त्यात फॉनच्या डोक्यातल्या चेहरा हलवणाऱ्या मोटारी कानाशी घरघरत असायच्या. एवढं सगळं करून पडद्यावर आवाज शेवटी दुसऱ्याच नटाचा आहे.

दुसरा हारुओ नाकाजिमा. १९५४ च्या पहिल्या 'गोजिरा'पासून (म्हणजे गॉडझिला) १९७२ पर्यंत बारा चित्रपटांत हा माणूस त्या राक्षसाच्या आत होता. पहिला सूट जवळपास १०० किलोचा. चाल शोधायला तो प्राणिसंग्रहालयात जाऊन हत्ती आणि अस्वलं पाय कसे टाकतात ते बघत बसायचा. त्याला बाहेरचं दिसायचं ते सूटच्या गळ्याला पाडलेल्या भोकांतून.

म्हणून मला वाटतं, 'आतून काय दिसत होतं?' हा प्रश्न ज्याने विचारला त्याची मुलाखत चांगली होते. 'तुम्हाला स्वतःला भीती वाटली का?' असं विचारलं की पाठ केलेलं उत्तर येतं.

तुमच्या संग्रहातलं सांगा. कोणाच्या बोलण्यातून काय हाती लागलं?

जुनी_रीळ

रातपाळी, तुमच्या प्रश्नावरून एकदम बेला लुगोसी आठवला.

१९३१ साली 'ड्रॅक्युला' गाजला. लगेच 'फ्रँकेन्स्टाइन'मधल्या राक्षसाची भूमिका त्याच्यासाठी ठरत होती, पण ती बोरिस कार्लोफकडे गेली. आपणच ती नाकारली, असं लुगोसी पुढे सांगत असे. दिग्दर्शक बदलला आणि भूमिका हातची गेली, असंही सांगितलं जातं. काहीही असो, त्या एका भूमिकेने कार्लोफचं आयुष्य घडलं.

बारा वर्षांनी, १९४३ मध्ये, लुगोसीने शेवटी तोच राक्षस केला. साठीला आलेला होता. आधीच्या चित्रपटाच्या शेवटी राक्षस आंधळा झालेला, आणि नव्या पटकथेतही तो आंधळाच होता, बोलतही होता. लुगोसीने आंधळ्या माणसासारखं काम केलं. हात पुढे, पाऊल चाचपडत. मग संकलनाच्या वेळी राक्षसाचे सगळे संवाद कापले, आणि त्यांच्याबरोबर तो आंधळा असल्याचा उल्लेखही गेला. पडद्यावर उरला एक म्हातारा नट, कारण नसताना हात पुढे करून धडपडत चालणारा. लोक हसले. आणि गंमत म्हणजे आज कुठलंही लहान मूल राक्षसाची नक्कल करताना हात पुढे करूनच चालतं. ती लुगोसीची चाल आहे.

मला हे वाचून खूप वाईट वाटलं होतं. काम चोख केलं होतं त्याने. त्याला आतून काहीच दिसत नव्हतं, हे प्रेक्षकांना सांगणारी वाक्यंच गाळली गेली.

रातपाळी

जुनी_रीळ, आज परत तो सिनेमा लावणार. आता प्रत्येक पाऊल वेगळं दिसेल.

चेहरेपट्टी

मी नाटकांचा आणि अधूनमधून लघुपटांचा मेकअप करते, त्यामुळे या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

कार्लोफच्या चेहऱ्यामागे जॅक पिअर्स होता. कापूस आणि कलोडियन (वाळून कातडीसारखा घट्ट होणारा चिकट द्रव) थरावर थर लावत तो कपाळ उभं करायचा, रोज, जवळपास चार तास. कार्लोफच्या दातांत एका बाजूला काढता येणारी कवळी होती. ती काढून ठेवली की गाल आत जायचा. तो खोल गेलेला गाल पूर्ण खरा आहे, त्यात मेकअप कमी. नट आणि मेकअपवाला एकमेकांशी बोलत असले की असं काहीतरी सापडतं. खुर्चीत बसलेला माणूस 'हे बघ, माझे हे दात निघतात' म्हणाला पाहिजे, आणि दुसऱ्याने ते ऐकलं पाहिजे.

कार्लोफ तेव्हा चव्वेचाळिशीला आलेला होता, ऐंशीएक चित्रपट मागे पडलेले, तरी फारसं कोणी ओळखत नव्हतं. सुरुवातीच्या श्रेयनामावलीत राक्षसापुढे नावाऐवजी प्रश्नचिन्ह छापलं होतं. पहिल्या खेळाला त्याला बोलावलंही नव्हतं. त्या चित्रीकरणात तासांचा धरबंध नव्हता. दोन वर्षांनी, १९३३ मध्ये, अमेरिकेत पडद्यावरच्या नटांची संघटना उभी राहिली तेव्हा सुरुवातीच्या सभासदांत कार्लोफ होता. मला या दोन गोष्टी एकमेकींना जोडलेल्याच दिसतात.

पिअर्सचं पुढे काय झालं तेही लिहिते. फोम रबरचे तयार तुकडे आले, काम लवकर व्हायला लागलं, आणि हाताने थर चढवणाऱ्या पिअर्सला १९४० च्या दशकात स्टुडिओने घरी पाठवलं.

मुलाखत घेणाऱ्या सगळ्यांना एक विनंती. मेकअप लावायला किती वेळ लागला हे सगळे विचारतात. उतरवायला किती लागला, ते विचारा. थकलेला माणूस, रात्र झालेली, बाकीचे घरी निघालेत, आणि आम्ही ब्रशने कडेकडेने गोंद सोडवतोय. ओढलं तर कातडी निघते. त्या अर्ध्या-पाऊण तासात नट जे बोलतात ते मी कुठल्याच छापील मुलाखतीत वाचलेलं नाही.

अर्धविराम

वाचतोय, छान चाललंय. पण एक शंका मनापासून मांडतो.

या मुलाखतींवर किती विश्वास ठेवायचा? कल्ट सिनेमातली (मोजक्या पण वेड्या चाहत्यांनी वर्षानुवर्षं जपलेल्या सिनेमातली) माणसं तोच किस्सा तीस-चाळीस वर्षं सांगत असतात. मेळाव्यांत, डीव्हीडीवर, पॉडकास्टवर. सांगून सांगून किस्सा गुळगुळीत होतो. १९६६ चा 'ड्रॅक्युला: प्रिन्स ऑफ डार्कनेस' घ्या. ड्रॅक्युला झालेला ख्रिस्तोफर ली संपूर्ण चित्रपटात एक शब्द बोलत नाही. ली सांगायचा की संवाद इतके वाईट होते की मी ते बोलायला नकार दिला. पटकथाकार जिमी सँगस्टरचं म्हणणं, मी त्याला संवाद लिहिलेच नव्हते. दोघंही त्याच चित्रपटावर होते. आता खरं काय मानायचं?

जुनी_रीळ

मी सँगस्टरच्या बाजूने. पटकथा लिहिणाऱ्याला आपण काय लिहिलं ते माहीत असतं.

रातपाळी

अर्धविराम, शंका रास्त आहे. पण मला ही दोन्ही विधानं शेजारी शेजारी ठेवून जास्त मिळतं. ख्रिस्तोफर लीला आयुष्यभर ड्रॅक्युलाच्या भूमिकेचा कंटाळा होता आणि तरी तो परत परत ती करत राहिला. 'मी नकार दिला' हे वाक्य त्याला हवं होतं. १९७३ चा 'द विकर मॅन' त्याने मानधन न घेता केला, आणि आपल्या कामात तोच सर्वांत चांगला, असं तो जाहीरपणे सांगायचा. एका चित्रपटात नकार आणि दुसऱ्यात फुकट काम, ही दोन टोकं धरली की माणूस कळतो. तारखा आणि तपशील पडताळून घ्यावेत हे मान्यच. पण माणूस स्वतःची गोष्ट कशी रचतो, तेही मुलाखतीतूनच कळतं ना?

अर्धविराम

हे पटलं. तरी किस्सा वापरताना 'असं तो सांगतो' एवढं लिहायचं पथ्य पाळू या सगळे.

तिकीटखिडकी

मी दिग्दर्शकांच्या मुलाखती जास्त ऐकतो. नट शरीराबद्दल बोलतात, हे रातपाळींचं बरोबर आहे. दिग्दर्शक पैशांबद्दल बोलतात. आणि त्या बोलण्यातून शिकायला फार मिळतं.

सॅम रेमी आणि ब्रूस कॅम्पबेल यांनी 'द ईव्हिल डेड' (१९८१) करण्याआधी १९७८ मध्ये एक लघुपट काढला, केवळ गुंतवणूकदारांना दाखवायला. मग तो घेऊन दंतवैद्य, वकील अशा लोकांची दारं ठोठावली. खोटं रक्त मक्याच्या पाकाचं होतं. कॅम्पबेल सांगतो की ते वाळल्यावर शर्ट इतका कडक व्हायचा की घालायला गेल्यावर मोडायचा.

पीटर जॅक्सनचा 'बॅड टेस्ट' (१९८७) चार वर्षं चालला. मित्रांना सुटी असेल तेव्हा, शनिवार-रविवारी चित्रीकरण. परग्रहवासीयांचे मुखवटे त्याने आईच्या ओव्हनमध्ये भाजले.

जॉन कार्पेंटरचं मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. 'हॅलोवीन' (१९७८) सुमारे तीन लाख डॉलरांत केला. मारेकऱ्याचा मुखवटा म्हणजे दुकानात मिळणारा 'स्टार ट्रेक'मधल्या विल्यम शॅटनरच्या चेहऱ्याचा मुखवटा, दोन डॉलरच्या आतला, पांढरा रंगवलेला. पूर्ण झालेला चित्रपट त्याने संगीत घालण्याआधी स्टुडिओच्या एका अधिकारी बाईंना दाखवला, आणि त्यांना जराही भीती वाटली नाही. मग त्याने स्वतःच बसून काही दिवसांत संगीत केलं. दृश्यं तीच, माणसं तीच. पियानोची ती ५/४ मधली, पाच मात्रांची धून आली आणि चित्रपट जिवंत झाला. स्वतःच्या चित्रपटाबद्दल 'तो आधी घाबरवत नव्हता' असं इतक्या सरळपणे सांगणारे दिग्दर्शक थोडे.

आणि जॉर्ज रोमेरो. 'नाईट ऑफ द लिव्हिंग डेड' (१९६८). चित्रपटाचं नाव ऐनवेळी बदललं, नवीन नावाची पाटी घालताना स्वामित्वहक्काची ओळ राहून गेली. तेव्हाच्या अमेरिकी कायद्याप्रमाणे एवढ्यावर हक्क गेला. एका पाटीवरची एक ओळ! ज्याने आजच्या झॉम्बीला जन्म दिला त्या चित्रपटाच्या प्रती कोणीही काढून विकल्या. रोमेरोच्या बोलण्यात याची खंत असते, पण कडवटपणा मला कधी ऐकू आला नाही. तो लगेच पुढच्या चित्रपटाबद्दल बोलायला लागतो.

खडूफळा

रोमेरोचा विषय निघालाच आहे तर त्या चित्रपटाचा नायक ड्वेन जोन्स याच्याबद्दल बोलायलाच हवं.

भूमिका कृष्णवर्णीय माणसासाठी लिहिलेली नव्हती. चाचणीत त्याचं काम सर्वांत चांगलं झालं म्हणून घेतला, असं रोमेरो नेहमी सांगायचा. पण पटकथेतला बेन हा रांगडा, कमी शिकलेला ट्रकवाला होता. जोन्स इंग्रजीचा अध्यापक. त्याने ते संवाद तसे बोलायला नकार दिला आणि पात्र बदललं. पडद्यावर दिसतो तो शांत, हिशेबी, घरभर फळ्या ठोकत फिरणारा बेन हा बराचसा जोन्सने घडवलेला आहे.

त्यानंतर तो नाटकाकडे आणि शिकवण्याकडे वळला. १९८८ मध्ये गेला. या चित्रपटाबद्दल त्याने फार कमी मुलाखती दिल्या. फक्त बेन म्हणून ओळखलं जाणं त्याला नको होतं.

मी स्वतः शिक्षिका आहे. चाहत्यांना वाटतं, कल्ट झालेल्या कामाचा कलाकाराला सदैव अभिमान असावा. जोन्सला त्या कामाची लाज नव्हती. त्याला बाकीचं आयुष्यही तेवढंच महत्त्वाचं होतं. मुलाखत न देणं हेही एक उत्तर असतं आणि ते आपण आदराने ऐकावं असं मला मनापासून वाटतं.

रातपाळी

खडूफळाताई, फार महत्त्वाचं लिहिलंत. 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट' (१९९९) मधल्या तिघांबद्दलही मला असंच वाटतं. ते स्वतःच्याच नावाने पात्रं झाले. प्रसिद्धीसाठी त्यांना बेपत्ता, मृत दाखवलं. नायिकेच्या आईला सांत्वनाची कार्डं आली. तिने पुढे अभिनय सोडला आणि नावही बदललं. तिथे तर मुखवटा नव्हताच, तिचं नावच मुखवटा म्हणून वापरलं गेलं.

बारावी_खुर्ची

मुखवट्यावरून दोन छोट्या गोष्टी.

डग ब्रॅडली आणि क्लाइव्ह बार्कर शाळेपासूनचे मित्र. 'हेलरेझर' (१९८७) च्या वेळी बार्करने त्याच्यापुढे दोन भूमिका ठेवल्या: घरात गादी वाहून नेणारा हमाल, किंवा डोक्यात खिळे ठोकलेला तो सेनोबाइट (दुसऱ्या जगातून येणारा, छळ करणारा सैतानी प्राणी). ब्रॅडली सांगतो की त्याचं मन हमालाकडे झुकलं होतं. पहिलाच मोठा चित्रपट, निदान चेहरा तरी दिसेल! शेवटी त्याने खिळे निवडले, आणि एकूण आठ चित्रपटांत तेच डोकं त्याची ओळख झालं.

निक कॅसल 'हॅलोवीन'च्या सेटवर आला तो मित्राचं काम बघून दिग्दर्शन शिकायला. इथेच आहेस तर मुखवटा घाल, दिवसाला २५ डॉलर. काय करू विचारल्यावर कार्पेंटरने फक्त चालायला सांगितलं. तो पुढे खरंच दिग्दर्शक झाला. पण त्याची ती चाल इतर अनेकांनी करून बघितली, तशी कोणालाच जमली नाही, असं माझं ठाम मत आहे.

सावलीची_बाई

बायकांचं कोणी लिहीत नाहीये म्हणून.

बेट्सी पामर. १९५० च्या दशकातली प्रतिष्ठित नटी, टीव्हीवर घरोघरी ओळखीची. १९८० मध्ये 'फ्रायडे द थर्टीन्थ'मध्ये मारेकऱ्याची आई. तिने लपवलं नाही कधी: गाडी बंद पडली होती, नवी घ्यायची होती, दहा दिवसांचं काम होतं. पटकथा अगदी भिकार वाटली, हेही ती सांगायची. पण भूमिका घेतल्यावर तिने त्या आईला पूर्ण भूतकाळ रचून दिला, नाटकातल्या भूमिकेला द्यावा तसा. चित्रपट बघताना ते कळतं. पोराबद्दल बोलताना तिचा चेहरा बघा.

दुसरी मर्सिडीज मॅककेम्ब्रिज. 'द एक्झॉर्सिस्ट' (१९७३) मधला सैतानाचा आवाज तिचा. ऑस्कर मिळवलेली नटी! तो घोगरेपणा यावा म्हणून घशाचे हाल करून घेतले, आणि पहिल्या प्रतींत नाव नाही. तिला भांडून नाव मिळवावं लागलं. शरीर लिंडा ब्लेअरचं, आवाज हिचा, आणि लोकांना वाटत होतं की सगळं एकाच मुलीने केलं.

हे मला फार लागतं, कारण एका लघुपटात मी चेटकिणीच्या पूर्ण सूटमध्ये चार रात्री काम केलंय. हातमोज्यांत घाम साचायचा, हात खाली सोडला की बोटांच्या टोकांशी पचपच व्हायची. ऐकू नीट यायचं नाही म्हणून 'कट' कळायचा नाही. मग एक सहायक मुलगी माझ्या खांद्यावर दोनदा थोपटायची, तो माझा कट. पाणी तीच नळीने पाजायची. चित्रपट पूर्ण झाला आणि श्रेयनामावलीत आम्हा दोघींचीही नावं नव्हती. विचारलं तर 'चेहरा दिसत नाही ना' असं उत्तर आलं.

चेहरेपट्टी

सावलीताई, वाचून राग आला. खांद्यावर थोपटणाऱ्या त्या मुलीशिवाय एकही शॉट झाला नसता.

अर्धविराम

आपल्याकडचं एक नाव. रामसे बंधूंच्या 'पुराना मंदिर' (१९८४) मधला सामरी म्हणजे अनिरुद्ध अगरवाल. शिक्षणाने इंजिनिअर. उंची आणि चेहऱ्याची ठेवण यामुळे त्याला फारसा मेकअप लागायचा नाही. 'बंद दरवाजा' (१९९०) मधला राक्षसही त्यानेच केला. मुखवट्याआड जे झाकलं जातं ते त्याच्या बाबतीत उघडं होतं, आणि तरी लोकांना सामरी माहीत, माणूस माहीत नाही. त्याच्या मुलाखतींत इतका मृदू बोलतो की मी पहिल्यांदा थक्क झालो होतो.

नवा_कोरा

बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदा लिहितोय.

माझ्या ओळखीत एक काका आहेत, वय ७८. तरुणपणी काही चित्रपटांत आणि बऱ्याच नाटकांत सूटमधली कामं केली. राक्षस, अस्वल, वेताळ. नाव कुठेच नाही. या रविवारी त्यांची मुलाखत घेणार आहे. आयुष्यात पहिलीच. काय विचारू?

चेहरेपट्टी

उतरवायला किती वेळ लागायचा आणि कोण उतरवायचं.

सावलीची_बाई

त्यांना पाणी कोण पाजायचं ते विचारा. त्या माणसाचं नाव आठवतं का, तेही.

खडूफळा

नाव छापलेलं चालेल का, हे आधी विचारा. आणि मध्येच गप्प झाले तर लगेच पुढचा प्रश्न विचारू नका.

तिकीटखिडकी

पैसे किती मिळायचे, हे विचारायला लाजू नका.

रातपाळी

माझा प्रश्न तुम्हाला माहीतच आहे.

नवा_कोरा

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी जाऊन आलो.

सुरुवातीचा अर्धा तास ते मोठ्या नटांचेच किस्से सांगत होते. स्वतःबद्दल काही नाही. मग रातपाळींचा प्रश्न विचारला, काका, आतून काय दिसायचं? गप्प झाले. खडूफळाताईंचं आठवलं म्हणून मीही गप्प बसलो. बऱ्याच वेळाने त्यांनी दोन्ही हात चेहऱ्यासमोर आडवे धरले, मध्ये दोन बोटांची फट ठेवून, आणि मान खाली घातली. म्हणाले, अस्वलाचं तोंड जड, पुढे झुकायचं, त्यामुळे फटीतून खालचंच दिसायचं. समोरच्याचे पाय. नायक आला की काळे बूट, त्यातल्या उजव्याची नाडी कायम सुटलेली. नायिकेची पैंजणं. दिग्दर्शकाच्या तपकिरी चपला. चपला माझ्याकडे वळलेल्या दिसल्या की समजायचं, आपलं काहीतरी चुकलंय.

मग हात तसेच चेहऱ्यासमोर धरून ते उठले आणि मला चालून दाखवलं. खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मध्ये खुर्ची होती, ती न बघता बाजूने गेले.

रातपाळी

पूर्ण मुलाखत इथे टाका. जशी बोलले तशीच.

नवा_कोरा

लिहून काढतोय. दोन तासांचं ध्वनिमुद्रण आहे. नाव छापायला हो म्हणालेत, फक्त त्यांना आधी वाचून दाखवायचंय. आणि पाणी पाजणाऱ्याचं नाव त्यांना आठवलं, सावलीताई. तेही छापायला सांगितलंय.